चाळिसाव्या दिवशीचा चेहरा

प्रोफिराला बाबा आठवत नव्हते, पण बाबांचा चेहरा मात्र तोंडपाठ होता. लांब सरळ नाक, हिरवट डोळे, उजव्या भुवईच्या टोकाशी एक बारीकसा व्रण आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. अंगात काळा कोट, त्याला चांदीची बटणं. हे तैलचित्र बैठकीच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीवर, संतांच्या तसबिरींच्या शेजारी लावलेलं होतं. रोज झोपण्याआधी ती स्टुलावर चढायची, चौकटीच्या खालच्या कडेला ओठ टेकवायची आणि दिवसभरात काय काय घडलं ते बाबांना सांगायची. शाळेतली भांडणं, आईचा ओरडा, मांजरीची पिल्लं, सगळं.

लास्कार दुंब्रावा हे नाव एकट्या हूश गावातच नव्हे, साऱ्या मोल्दावा प्रांतात लोकांच्या तोंडी होतं. जमीनदाराची उंच टोपी घालून मिरवणारा कोल्हा, तुरुंगात गेलेला हंस, अशा त्यांच्या गोष्टी मुलं हसत हसत ऐकायची आणि मोठी माणसं दार लावून वाचायची. अठराशे अठ्ठेचाळीस सालच्या बंडात त्यांना पकडलं. तुर्कांच्या हवाली करण्यासाठी बोटीतून नेत असताना त्यांनी डॅन्यूबमध्ये उडी घेतली. बोटीवरच्या सोबत्याने त्यांना बुडताना पाहिलं. वर येताना कुणी पाहिलं नाही. प्रोफिरा तेव्हा तीन वर्षांची होती, आता ती अकरा वर्षांची झाली होती. कबरस्तानात बाबांच्या नावाचा क्रूस होता, पण त्याखाली फक्त त्यांची टोपी पुरलेली होती.

माणूस गेला आणि गोष्टी आणखी वाढल्या. याश शहरातल्या छापखान्याने पुस्तक काढलं, त्याच्या पहिल्या पानावर याच तैलचित्राची नक्कल छापली. कुठून कुठून लोक मूळ चित्र बघायला यायचे. प्रोफिरा त्यांना ते दाखवायची आणि लोक हमखास म्हणायचे, "अगदी बापाचे डोळे!" फक्त तिची धर्ममाता झोईत्सा मावशी शेवटी एक शेपूट जोडायची, "नाक मात्र कुठून आणलंस देव जाणे. बटाटा ठेवलाय नुसता." म्हणून प्रोफिराला चालता-बोलता नाक चिमटीत धरून ओढायची सवय लागली होती. ओढून ओढून कधी तरी बाबांसारखं सरळ होईल, अशी तिला आशा होती.

त्या वर्षीचा मृतांचा शनिवार चांगलाच उन्हाचा होता. दारांना लिंडेनच्या डहाळ्या लावलेल्या होत्या आणि घरोघरी नवे मातीचे मोगे भरले जात होते. मोग्यात दूधभात, त्यावर कड्यासारखा गोल पाव, पावात खोचलेली पेटती मेणबत्ती आणि मोग्याच्या कानाला अडकवलेली चेरीची जोडी. ज्याच्या नावाने मोगा द्यायचा त्याचं नाव घ्यायचं, आणि घेणाऱ्याने "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं. तसं म्हटलं नाही तर मृताला काहीच पोचत नाही. एकदा पेटवलेली मेणबत्ती विझवायची नाही आणि दारात आणलेला मोगा पुन्हा घरात न्यायचा नाही.

आई झोईत्सा मावशीबरोबर कबरस्तानात गेली होती. थोड्या वेळाने पान्फिले गुरुजी शाळेतली मुलं घेऊन येणार होते. दरवर्षी या दिवशी मुलं चित्रापुढे बसत आणि प्रोफिरा बाबांची एक गोष्ट वाचून दाखवी. तोवर फाटकाशी मोगे वाटायचं काम तिच्याकडे होतं. शेवटचा एक मोगा उरला होता, तेव्हा तो माणूस आला.

तो फाटकाबाहेर उभा राहून अंगणातल्या अक्रोडाच्या झाडाकडे बघत होता. दाढी पिकलेली, गाल बसलेले, बुटांचे तळवे दोरीने बांधलेले.

"या आजोबा, उन्हात का उभे?" प्रोफिराने हाक मारली.

"आजोबा?" तो दचकला आणि मग हसला. "अजून पन्नाशीही गाठली नाही गं पोरी मी."

"मग दाढीला सांगा तसं," प्रोफिरा म्हणाली. तिने मेणबत्ती पेटवली आणि मोगा पुढे केला. "घ्या. लास्कारच्या आत्म्यासाठी."

त्याचा पुढे आलेला हात थांबला. "कोणत्या लास्कारच्या?"

"किती लास्कार आहेत गावात? लास्कार दुंब्रावा. माझे बाबा."

तो माणूस नुसता बघत राहिला. वितळलेलं मेण ओघळून प्रोफिराच्या बोटावर आलं.

"घ्या ना हो, हात भाजतोय माझा!"

"तो मेला?" त्याने विचारलं. आवाज असा, की जणू त्याच्या घरातलंच कुणी गेल्याची बातमी रस्त्यावर कानी पडली आहे. "लास्कार दुंब्रावा मेला?"

"कधीच! तुम्ही कुठल्या गावचे? शेंबड्या पोरालाही माहीत आहे. घ्या आणि 'देव त्याला क्षमा करो' म्हणा."

"मला नाही घेता येत, बाळ."

"का? पोट भरलंय?"

"पोट परवापासून रिकामं आहे. पण हे मला घेता येत नाही."

असा माणूस प्रोफिराने कधी पाहिला नव्हता. भिकारी मोग्यासाठी भांडतात, आणि हा नको म्हणतो! मग तिच्या लक्षात आलं. हा चित्र बघायला आलेला असणार. याशकडची शिकलेली माणसं अशीच विचित्र बोलतात. तिने मोगा पायरीवर ठेवला.

"चित्र बघायचंय ना? मग आधीच सांगायचं. पाय पुसून या."

तो आत आला. बैठकीच्या दारात त्याने कमानीशी डोकं किंचित खाली घातलं. तो उंच होता आणि ती कमान ठेंगणी होती. नवी माणसं नेहमी तिथे आपटत. हा आपटला नाही, पण प्रोफिराचं तिकडे लक्ष गेलं नाही. ती नेहमीप्रमाणे चित्राखाली उभी राहिली आणि नेहमीच्याच सुरात सुरू झाली, "हे माझे बाबा. चित्र व्हार्लाम नावाच्या चित्रकाराने काढलं. तो चर्चच्या भिंतींवर संत काढायचा. बघा, कुठेही उभं राहिलं तरी बाबा आपल्याकडेच बघतात."

माणूस चित्राच्या अगदी जवळ गेला. मग त्याने बोट उचललं आणि चित्रातल्या दुसऱ्या बटणापाशी नेलं.

"हा कोट माझा आहे," तो म्हणाला. "हे बटण पडलं होतं, मग वेगळं लावलं. बघ, बाकीच्यांवर फूल आहे, याच्यावर नाही. कोट माझा आहे. पण आत हा माणूस कोण आहे?"

प्रोफिराने बटणाकडे पाहिलं. त्याच्यावर फूल नव्हतं. आठ वर्षं रोज बघून ते तिला दिसलं नव्हतं, आणि या भिकाऱ्याला एका नजरेत दिसलं.

"काय म्हणालात?"

"प्रोफिरा," तो म्हणाला. तिने नाव सांगितलंच नव्हतं. "मी लास्कार आहे."

ती ओरडली. शब्द कुठला नव्हताच, नुसती किंकाळी. ती ऐकून फाटकाशी पोचलेले पान्फिले गुरुजी मुलांना मागे ठेवून धावत आत आले.

"हा म्हणतो, हा बाबा आहे!" प्रोफिरा एका दमात म्हणाली.

"असं?" गुरुजींनी चष्मा सरळ केला. ते सज्जन होते, पण लास्कार दुंब्रावांच्या बाबतीत कुणाचं काही ऐकून घेत नसत. त्यांनी खिशातून पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं आणि त्या माणसाच्या गालाशी धरलं. "हे लास्कार दुंब्रावांचं नाक. आणि हे तुमचं! अहो, सोंग आणायचं तर निदान नाक बघून तरी आणावं. मागे एकजण त्यांचा चुलतभाऊ म्हणून आला होता, दोन दिवस जेवून गेला. तुम्ही तर थेट वरच्या पायरीवर!"

"गुरुजी, हे पुस्तक मी लिहिलंय."

"आणि मी सुलतान आहे. चला, बाहेर व्हा. पोर थरथरतेय, दिसत नाही?"

तो माणूस हलला नाही. त्याला राग आला नव्हता, त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. नदीच्या पलीकडच्या काठावर तुर्कांनीच त्याला पकडलं होतं; आठ वर्षं त्यांच्या किल्ल्यात, जिथे कागदाच्या चिटोऱ्यालाही बंदी होती, तिथे तो घराचं दार उघडण्याचा क्षण रोज मनात रंगवत आला होता. त्यात आनंद होता, रडणं होतं, क्वचित दुसराच कोणी घरधनी असण्याची भीतीही होती. पण आपलाच कोट घालून एक परका आपल्या नावाने भिंतीवर बसला असेल, हे त्याच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

तेवढ्यात दारात टोपली पडली. चेरी सगळीकडे घरंगळल्या.

"लास्कार," आई म्हणाली.

एवढंच. पण तो आवाज प्रोफिराने आजवर कधी ऐकला नव्हता. आई दाराची चौकट धरून उभी होती, आणि तिची नजर चित्राकडे गेलीच नाही. ती सरळ त्या दोरी बांधलेल्या बुटांच्या माणसाकडे बघत होती.

मागून झोईत्सा मावशी आली. तिने तीनदा क्रूसाची खूण केली, पुढे होऊन त्या माणसाच्या दंडाला कचकन चिमटा काढला आणि तो "आई गं" म्हणताच जमिनीवर बसकण मारून ती आईला म्हणाली,

"भूत नाही, एलेंका! मांसाचा आहे, थोडा आहे पण आहे! आणि नाक तेच. असलं नाक देवाने दुसऱ्या कुणाला दिलंच नाही."

गुरुजींच्या हातातलं पुस्तक खाली आलं. "म्हणजे? बाई, म्हणजे हे... मग चित्रातले कोण?"

प्रोफिराने आईकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. दोघींनी मान खाली घातली. चित्रातला माणूस आपला बाप नाही, हे ऐकून त्या दोघींना आश्चर्य वाटलेलं नव्हतं. तिला सगळ्यात मोठा धक्का बसला तो हे बघून.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"प्रोफिरा, बस इथे," आई म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं!"

"होतं," आई म्हणाली आणि भिंतीला टेकून सांगू लागली. "बाबाचं एकही चित्र कधी काढलेलं नव्हतं. त्याला बसवलं तर पाय हलवायचा. तो गेल्याचं कळलं तेव्हा याशच्या मित्रांनी व्हार्लामला पाठवलं, चित्र काढून घ्या म्हणून. मी सांगितलं, चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाचं जेवण असतं, तेव्हा ये. ओळखीचे सगळे जेवायला असतील, नाक कसं, डोळे कसे, ते सांगतील. त्या दिवशी रीतीप्रमाणे बाबाचे कपडे एका परक्या माणसाला दिले. बाबाच्याच उंचीचा एक गाडीवान रस्त्याने चालला होता, त्याला बोलावलं, कोट घातला, मधल्या खुर्चीवर बसवला."

"आणि सगळे त्याला लास्कार म्हणत होतो," झोईत्सा मावशीने पुढे घेतलं. "लास्कार, घे ना. लास्कार, आणखी वाढू? मेणबत्ती संपेपर्यंत त्याचं खरं नाव विचारायचं नाही, हीच तर रीत आहे. व्हार्लाम उशिरा आला, कोपऱ्यात बसला, मुकाट्याने कागदावर रेघा ओढत राहिला. आम्हाला वाटलं, हिशेब लिहितोय रंगांचा."

"पण त्याने विचारलं कसं नाही?" गुरुजी जवळजवळ किंचाळले.

"अहो, तो वरच्या डोंगरातला. त्यांच्याकडे गेलेल्याचे कपडे परक्याला देत नाहीत, सख्ख्या भावाला देतात. चेहरा जुळणाऱ्यालाच बसवतात त्या खुर्चीवर. त्याला वाटलं, भाऊ बसलाय, याच्यावरून काढलं की झालं. आमच्याकडे भूक आणि उंची बघतात, त्यांच्याकडे रक्त. पुढे त्यानेच हे सांगितलं. पण तोवर रंग वाळले होते."

आईने डोळे पुसले. "हिवाळ्यात चित्र आलं. मी कापड सोडलं आणि किंचाळणारच होते. तेवढ्यात तू टेबलाखालून बाहेर आलीस. कपडे देऊन टाकल्या दिवसापासून तू एक शब्द बोलली नव्हतीस, प्रोफिरा. तू त्या बटणांना हात लावलास आणि हसलीस. म्हणालीस, 'बाबा आला.' मी म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगीन. मग म्हटलं, परवा."

"आणि 'बापाचे डोळे' हे पहिल्यांदा कोण म्हणालं?" प्रोफिराने मावशीला विचारलं.

"मीच," मावशी पुटपुटली. "तुला बरं वाटावं म्हणून म्हणायचे. म्हणता म्हणता मलाही तसंच दिसायला लागलं गं."

बाहेर मुलं कुजबुजत होती. प्रोफिरा स्टुलाकडे बघत होती. त्याच्यावर तिच्या पायांनी झिजलेले दोन गुळगुळीत डाग होते.

"मग मी रोज कुणाशी बोलत होते?" तिने विचारलं.

लास्कार पुढे झाला. "ते काढून टाकू या," तो हळू म्हणाला. "आता मी आलोय ना. एलेंका, खाली घे ते."

त्याने चौकटीला हात लावला मात्र, प्रोफिरा मध्ये घुसली.

"हात लावू नका!"

"बाळ, हा परका माणूस आहे."

"परके तुम्ही आहात!"

बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं. आईने तोंडावर हात घेतला. लास्कारचा हात चौकटीवरून सुटला. तो वळला, कमानीखाली डोकं घातलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

या वेळी कमान प्रोफिराला दिसली. न बघता वाकलेली ती मान तिने पाहिली. पण पाय जागचे हलेनात. थोड्याशा वेळात तिचं सगळं आयुष्य कुणीतरी पिशवीसारखं उलटं करून झटकलं होतं, आणि काय उचलावं हे तिला सुचत नव्हतं.

"तो गाडीवान," ती थोड्या वेळाने म्हणाली, "कसा होता?"

"नाव माहीत नाही," मावशी म्हणाली. "मेणबत्ती संपली, कोट घालून गेला. भुकेला होता बिचारा. पण खायच्या आधी त्याने विचारलं, गेलेल्याला मूलबाळ आहे का? तू टेबलाखाली लपली होतीस. कुणी बोलावलं तरी बाहेर येत नव्हतीस. त्याने पाव मधात बुडवला आणि टेबलाखाली हात धरून बसला. तू येईपर्यंत घास खाल्ला नाही त्याने. मग तुला मांडीवर घेऊनच जेवला."

प्रोफिराने चित्राकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं ते हसू. चित्रकार कोपऱ्यात रेघा ओढत होता तेव्हा तो माणूस कुणाकडे बघून हसत होता, हे तिला आता कळलं, आणि मघापासून अडलेलं रडू एकदम बाहेर आलं. कुणी तिला गप्प केलं नाही. गुरुजीसुद्धा चष्मा काढून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

रडून झाल्यावर ती बाहेर गेली.

पायरीवर लास्कार गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याच्या शेजारी तो शेवटचा मोगा तसाच होता. मेणबत्ती पाऊण जळून गेली होती. पोट परवापासून रिकामं असलेल्या माणसाने त्यातल्या एका चेरीलाही हात लावलेला नव्हता. प्रोफिराने मोगा उचलला. घरात परत नेता येत नव्हता, विझवता येत नव्हता. आणि ज्याच्या नावाने भरला, तोच समोर बसला होता.

"हा घ्या," ती म्हणाली.

"लास्कारच्या नावाने मला घेता येत नाही, प्रोफिरा."

"लास्कारच्या नावाने नाही. त्या गाडीवानाच्या. तो तुमच्या जागी जेवला होता. आता तुम्ही त्याच्या जागी जेवा." ती थांबली. "पण तो आहे की गेला, ते कुणालाच माहीत नाही."

लास्कारने तिच्याकडे पाहिलं, मग उघड्या दारातून आत, भिंतीकडे. त्याने दोन्ही हातांनी मोगा घेतला.

"देव त्याला क्षमा करो," तो म्हणाला. "आणि ठणठणीत ठेवो. दोन्ही म्हणून ठेवतो. जे लागू पडेल ते पोचेल."

"चित्र तिथेच राहील," प्रोफिरा म्हणाली.

"राहू दे. माझ्यापेक्षा बरं दिसतं."

तो खाऊ लागला. हळूहळू, प्रत्येक घास चावून, फार दिवस उपासमार सोसलेली माणसं खातात तसा. दूधभाताचं एक शीत त्याच्या दाढीला चिकटलं. प्रोफिरा त्याच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसली आणि बाजूने त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. भुवईला व्रण नव्हता. हसू नव्हतं. मध्येच एक जाड, बुटकं, बटाट्यासारखं नाक होतं. तिची चिमूट सवयीने स्वतःच्या नाकाशी गेली आणि न ओढताच खाली आली.

तिने मोग्याच्या कानाची चेरीची जोडी काढली, एक त्याला दिली, एक आपण घेतली.

"बी अंगणात टाकू नका," ती म्हणाली. "आई रागावते."

"अजून?" लास्कार म्हणाला.